तेच तेच बघणाऱ्यांच्या बाजूने

"तेच तेच काय बघता?" हा प्रश्न आपल्या घरांत आठवड्याला किती वेळा विचारला जातो, मोजून पाहा. विचारणारा बहुधा कॉलेजात जाणारा मुलगा असतो, नाहीतर कामावरून दमून आलेला नवरा. ऐकून घेणारी बहुधा बाई असते. प्रश्नाचा सूर असा की समोरच्या माणसाची बुद्धी गंजली आहे, म्हणूनच ती वीस वर्षांपूर्वीची मालिका आठव्यांदा लावून बसली आहे. विचारणारा स्वतः मात्र सोफ्यावर आडवा पडून मोबाईलवर अंगठा सरकवत असतो आणि आपण काहीतरी नवं बघतोय, अशा समजुतीत असतो.

या लेखात मी त्या बाईची बाजू घेणार आहे. आणि एकदा बाजू घेतली की तिच्याच वतीने मराठी टीव्हीवाल्यांना आणि आपल्या समाजातल्या काही शहाण्यांनाही चार गोष्टी ऐकवणार आहे. कोणाला राग आला तर येऊ द्या.

मी बिबवेवाडीत राहतो. एका अंगाला मार्केट यार्ड, दुसऱ्या अंगाला कोंढवा, वर अप्पर इंदिरानगर, खाली सोसायट्यांच्या रांगा. मराठी, मारवाडी, गुजराती आणि वस्त्यांमधून आमच्यासारखे बागवान, शेख, तांबोळी. संध्याकाळी आठच्या सुमारास अप्पर डेपोकडून खाली चालत आलात, तर उघड्या खिडक्यांतून जे कानावर पडतं त्यात ताजं फार थोडं असतं. एका घरात 'सीआयडी'तला दया दरवाजा तोडत असतो. हा दरवाजा १९९८ पासून तुटतोय. पुढच्या घरात 'तारक मेहता'मधले जेठालाल आणि भिडे भांडत असतात. भाग २०१२ चा की २०१८ चा, हे बघणाऱ्याला सांगता येणार नाही आणि त्याने त्याचं काही अडतही नाही. कुठे यूट्यूबवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' चालू असतं. कुठे 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधलं एखादं प्रहसन महिन्यात चौथ्यांदा लागलेलं असतं आणि विनोद यायच्या आधीच घरातली माणसं हसून मोकळी झालेली असतात.

आमच्या घरात अम्मी आणि फुफी. दोघींच्या आवडी वेगळ्या, सवय एकच. मी एकदा फुफीला तोच आगाऊ प्रश्न विचारला, तर तिने मान न वळवता सांगितलं, "मालूम हय ना आगे क्या होता, इसिच लिए तो देखती."

मला वाटतं, या विषयावर जे काही म्हणायचं ते तिने एका वाक्यात म्हणून टाकलंय. तिचा दिवस कसा जातो ते बघा. टँकर आज येणार की उद्या, माहीत नाही. मुलाचं कंत्राट मार्चनंतर चालू राहील का, माहीत नाही. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आलाय, घरमालक किती वाढवून मागेल, माहीत नाही. गुडघ्याचा फोटो काढलाय, डॉक्टर काय सांगतील, माहीत नाही. पहाटे फजरपासून रात्री गॅसचं बटण बंद करेपर्यंत ही बाई शेवट माहीत नसलेल्या गोष्टींत वावरते. रात्री नऊ ते दहा एवढा एकच तास तिच्या आयुष्यात असा आहे की ज्यात पुढे काय होणार ते तिला पक्कं ठाऊक असतं. आबा टिपरे रात्री डायरी लिहिणार. शेखर आणि श्यामलाची कुरबुर मिटणार. घरात जे बारीकसं बिघडलंय ते वीस-बावीस मिनिटांत जुळणार. तुम्ही तिला म्हणता, यात सस्पेन्स काय? अहो, सस्पेन्सनेच तर ती दमलेली आहे.

अमेरिकेत यावर शोधनिबंध झालेत. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड या दोघांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. ज्यांना शेवट आधीच सांगितला होता त्यांना त्या कथा कमी नव्हे तर जास्त आवडल्या. २०१३ मध्ये जे डेरिक या संशोधक बाईंनी दाखवलं की मन मारून, डोकं लावून काम केल्यावर माणूस ओळखीच्या कथेकडे, ओळखीच्या मालिकेकडे वळतो आणि तिथून थोडा ताजातवाना होऊन परततो. टीव्हीवर जे काही लागलंय ते बघितल्याने तसं होत नाही. ओळखीच्या पात्रांबरोबर वावरताना आपल्याला स्वतःला सावरून बसावं लागत नाही, नव्या माणसासमोर बसावं लागतं तसं. एवढं साधं आहे ते. पण हे सांगायला फुफीला विद्यापीठ लागलं नाही, म्हणून तिचं म्हणणं आपण बडबडीत जमा करतो.

आणि ही काही टीव्हीने लावलेली खोड नव्हे. या मुलखात शेवट माहीत असलेली गोष्ट ऐकायला माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमत आलीत. कीर्तनाला बसलेल्या कोणाला आख्यानाचा शेवट ठाऊक नसतो? गावच्या जत्रेतल्या तमाशात वगाचं पुढे काय होणार, हे पहिल्या रांगेतलं पोरगंसुद्धा सांगेल. मुहर्रममध्ये करबलाची हकीकत ऐकणाऱ्यांना हुसैन शहीद होणार हे माहीत असतं, तरी दरवर्षी डोळ्यांना पाणी येतं. "आता मला माहीत झालं, पुढच्या वर्षी येत नाही," असं कोणी म्हटल्याचं ऐकलंय? एकदाच बघायचं आणि टाकून द्यायचं, ही सवय नवी आहे. ती विकणाऱ्यांच्या सोयीची आहे. रोज नवं घेतलं नाही तर त्यांची दुकानं कशी चालणार?

आता टीका करणाऱ्यांकडे वळू. त्यांचे दोन गट मला नेहमी भेटतात.

पहिला गट आपल्यातल्या दीनदार तरुणांचा. त्यांच्या मते टीव्हीच मुळात फितना. ठीक आहे, तुमची तशी धारणा असेल तर मी वाद घालत नाही, घरातला टीव्ही काढून टाका. पण अनुभव असा की टीव्ही जातो आणि त्याच घरात चार स्मार्टफोन येतात. आईच्या हातातला रिमोट हराम ठरतो आणि मुलाच्या हातातलं रील्स 'वेळ काढणं' ठरतं. दीनचा हवाला देऊन फक्त बाईच्या एका तासावर टाच आणणं, यात दीन किती आणि घरातला जुनाट दरारा किती, हे ज्याने त्याने स्वतःशी तपासावं.

दुसरा गट माझ्या पुरोगामी मित्रांचा. त्यांचा शब्द ठरलेला आहे: पलायनवाद. देशात काय चाललंय आणि लोक टिपरे बघत बसलेत! या मित्रांवर माझा जास्त राग आहे, कारण ते वाचतात, लिहितात आणि तरीही 'पलायन कुठून' हा प्रश्न विचारत नाहीत.

तर कुठून ते सांगतो. २०२० चा मार्च आठवा. टाळेबंदी लागली, मालिकांची चित्रीकरणं थांबली आणि सगळ्याच वाहिन्यांनी जुन्या टेपा बाहेर काढल्या. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' सकाळी नऊला आणि रात्री नऊला सुरू झालं. डीडी भारतीवर बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' लागलं. १६ एप्रिलचा 'रामायण'चा भाग सात कोटी सत्तर लाख लोकांनी पाहिला, तो जागतिक विक्रम आहे, असा दावा खुद्द दूरदर्शनने केला. आकड्यावर वाद झाले, ते सोडून देऊ. घाबरलेल्या देशाने तेहेतीस वर्षांपूर्वीची मालिका पुन्हा लावली, एवढं तर खरं. तेव्हा कोणी त्याला पलायनवाद म्हटलं नाही. सरकारने स्वतः ती लावली होती.

त्याच आठवड्यात निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि त्याच टीव्हीवर, दोन बटणं पुढे, 'कोरोना जिहाद' सुरू झाला. आमच्याकडे मार्केट यार्ड बंद, कोंढवा सील, गल्ल्यांच्या तोंडाला पत्रे आणि बांबू. फळांचे धनी घरात आणि फळं गोडाऊनमध्ये. मामूंची हातगाडी पुढे चालू झाली तेव्हा कलिंगड घेण्याआधी लोक नाव विचारायला लागले. चाळीस वर्षांत त्यांना कोणी नाव विचारलं नव्हतं, भाव विचारत होते. घरात रात्री बातम्या लावल्या की पडद्यावर लाल अक्षरं, मागे कर्कश संगीत, आणि त्या संगीताच्या तालावर आम्ही थुंकणारे, लपणारे, विषाणू पसरवणारे. रमजानचा महिना आम्ही असा काढला.

पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तबलिगींवर नोंदलेले गुन्हे रद्द केले. न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांच्यापुढे ते प्रकरण होतं. छापील आणि टीव्ही माध्यमांनी या लोकांविरुद्ध किती मोठा प्रचार केला यावर निकालपत्रात स्पष्ट ताशेरे आहेत, संकटात बळीचा बकरा शोधला जातो असंही म्हटलं आहे. ज्यांनी एप्रिलमध्ये तीस-तीस दिवस आरडाओरडा केला, त्यांनी या निकालाला किती मिनिटं दिली? लाल अक्षरं तेव्हा कुठे गेली?

अशा वेळी अम्मीने बातम्या बंद केल्या आणि टिपरे लावले. माझ्या मित्रांनो, याला तुम्ही पलायन म्हणता. मी म्हणतो, तिने आपल्या घरात कोणाला येऊ द्यायचं हे ठरवलं. शिव्या देणारा दारात उभा असेल तर दार लावून घेणं हा पळपुटेपणा नसतो. आणि तिने दार लावलं म्हणून तिला जगाची माहिती नव्हती असंही नाही. जगाची माहिती तिला मामूंच्या हातगाडीवरून रोज मिळतच होती.

त्या दिवसांतली आणखी एक गंमत फार थोड्यांच्या ध्यानात आली. जेव्हा एका वाहिनीवर मुसलमान विषाणू होता, तेव्हा शेजारच्या वाहिनीवर भीष्म, कृष्ण, विदुर जे बोलत होते ते राही मासूम रझांनी लिहिलेलं होतं. गाझीपूरचे राही, 'आधा गाँव'चे राही. 'महाभारत'ची पटकथा आणि संवाद त्यांचे. १९८८ मध्येही, मुसलमानाने महाभारत का लिहावं, म्हणून ओरडणारे होतेच. त्यांनी लिहिलं आणि असं लिहिलं की आज देशातल्या निम्म्या लोकांना विदुर तसाच बोलला असणार असं वाटतं. राही १९९२ च्या मार्चमध्ये गेले. २०२० मध्ये टाळेबंदीतल्या भारताला धीर देणाऱ्या आवाजांत त्यांचा आवाज होता आणि श्रेयनामावली सरकत असताना लोक पाणी प्यायला उठत होते.

मात्र इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना थोडं थांबवायला हवं. जुनं बघणं निष्पाप असतं, असं मी म्हणत नाही. 'रामायण'मधून लोकांना जसा विसावा मिळाला तशी त्याच मालिकेतून मतंही मिळाली. दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी १९९१ मध्ये लोकसभेत गेले, अरुण गोविल २०२४ मध्ये मेरठमधून. आमच्या मोहल्ल्यातही १९८७ च्या रविवारी सकाळी सगळे मिळून 'रामायण' बघायचे, हे अम्मी अजून प्रेमाने सांगते. पण पडद्यावरचा जुना जमाना उबदार वाटला म्हणून तो जमाना तसा होता असं नाही. १९८९ चं भागलपूर त्याच जमान्यातलं. ऊब खरी असते, तिचा पत्ता खोटा असू शकतो.

आणि दुसरं म्हणजे ही ऊब सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. शेजारचे जोशीकाका टिपरे बघतात तेव्हा ते स्वतःचं घर बघतात. अम्मी टिपरे बघते तेव्हा ती शेजाऱ्यांचं घर बघते. प्रेमाने बघते, हक्काने बघते, त्यातली प्रत्येक कुरबुर तिला आपली वाटते. तरी ते शेजाऱ्यांचं घर. तिचं घर कोणत्या मालिकेत आहे?

'तारक मेहता'चं गोकुळधाम घ्या. २००८ च्या जुलैपासून चाललंय, चार हजारांहून जास्त भाग झालेत, दिवसभर पुनःप्रक्षेपण चालू असतं, देशातली लाखो मुलं त्यावर जेवलीत. त्या सोसायटीत गुजराती आहे, मराठी सेक्रेटरी आहे, तमिळ नवरा आणि बंगाली बायको आहे, सरदार आहे, भोपाळचा पत्रकार आहे. छोटा भारत म्हणतात त्याला. आणि अब्दुल आहे. फार गोड माणूस, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. पण त्या सदनिकांमध्ये अब्दुलचं घर नाही. त्याचं दुकान आहे, सोडा मिळतो. सगळे संध्याकाळी त्याच्याकडे जमतात, गप्पा मारतात आणि मग आपापल्या घरी जातात. अब्दुलच्या घरी कोण असतं, त्याची आई कशी रागावते, ईदला तो कोणाला शिरखुर्मा वाढतो, हे गोकुळधामच्या आत बसून आपल्याला दिसत नाही.

त्याही मागे जा. १९८६ चं 'नुक्कड', कुंदन शाह आणि सईद मिर्झांचं, दोघंही आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. मला ते फार आवडतं, अजूनही बघतो. त्यातले कादरभाई कोण? कोपऱ्यावरचे हॉटेलवाले. उमदा माणूस, उधारीवर चहा देणारा. म्हणजे बघा, ३५-४० वर्षांत मुसलमान कोपऱ्यावर उभा आहे, चहा देतोय, सोडा देतोय, चांगला आहे, लाडका आहे. जिना चढून वर मात्र येत नाही.

बिबवेवाडीत घर शोधताना मला गोकुळधामची आठवण आली होती. कोणती सोसायटी ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, दुसरीकडेही तेच ऐकलं असतं. एजंटने फ्लॅट दाखवला, भाडं ठरलं, नाव सांगितलं. सेक्रेटरी भले गृहस्थ होते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल काही नाही हो, पण कमिटीचं जरा..." वाक्य पुरं करायची गरज त्यांना वाटली नाही, मलाही नाही. त्यांच्या मागे टीव्ही चालू होता का, असं तुम्ही विचाराल. नव्हता. पण अब्दुलचं घर लेखकांना आत का सुचलं नसेल, हे मला त्या चहाबरोबर कळलं.

हिंदी वाहिन्यांनी मुस्लिम घर दाखवलं नाही असं नाही. १९९८ ची 'हीना' आली, नंतर 'कुबूल है', 'बेइंतेहा', 'इश्क सुभानअल्लाह'. पण ही घरं की हवेल्या? झुंबरं, शेरवान्या, दर दुसऱ्या भागात तलाकची टांगती तलवार. अप्परमधल्या कोणत्या तांबोळीच्या घरात बायका दागिने घालून भाजी चिरतात? अशा मालिका एकदा बघितल्या जातात. त्यांच्यात परत जाऊन बसावं असं वाटत नाही, कारण बसायला तिथे साधी चटईसुद्धा नाही. एक 'गुल गुलशन गुलफाम' होतं १९८७ च्या आसपास, दल सरोवरातल्या हाउसबोटवाल्या कुटुंबाचं. तिथे माणसं जेवत होती, रुसत होती, धंद्याची काळजी करत होती. अम्मीला ते आजही आठवतं. पण एका मालिकेवर किती वर्षं काढायची?

मग आमच्या बायका कुठे गेल्या? कराचीला गेल्या. आणि हे मी बिनदिक्कत लिहितो, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. ऐंशीच्या दशकात हसीना मोईन यांच्या 'तनहाइयाँ' आणि 'धूप किनारे'च्या कॅसेटी भारतात हातोहात फिरत होत्या आणि बघणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. २३ जून २०१४ ला 'जिंदगी' वाहिनी सुरू झाली, 'जिंदगी गुलजार है' आली आणि मग तर घराघरात कशफ पोहोचली. सोसायटीतल्या कुलकर्णी काकूसुद्धा फुफीला विचारायला यायच्या, आज काय झालं? त्या मालिकांत बॉम्ब नव्हते, जिहाद नव्हता, पाकिस्तानचं गुणगान तर नव्हतंच. तीन मुलींना एकटीने वाढवणारी शिक्षिका आई होती, घराचं बजेट होतं, सासू होती. माणसं आत आल्यावर सलाम करत होती आणि सलाम केल्यावर मागे कर्कश संगीत वाजत नव्हतं. फुफीला एवढंच हवं होतं.

२०१६ च्या सप्टेंबरात उरीचा हल्ला झाला आणि वाहिनीने त्या मालिका काढल्या. पुढे त्या मोबाईलवर परत आल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम झालं, माणसं मारली गेली, आणि पाठोपाठ पाकिस्तानी यूट्यूब वाहिन्या बंद झाल्या. ८ मे ला केंद्र सरकारने ओटीटीवाल्यांना पाकिस्तानी मालिका, सिनेमे, गाणी सगळं काढायला सांगितलं. फुफीने फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, बिघडलाय का?

पहलगामच्या खुन्यांना शिक्षा झालीच पाहिजे, हे सांगण्यासाठी मला कोणाकडून प्रमाणपत्र नकोय. पण कशफने तिसऱ्यांदा पहिला नंबर काढल्याने देशाच्या कोणत्या सीमेला धोका होता, हे मला समजावून सांगावं. ज्यांना ते समजावता येत नाही ते मग फुफीकडेच संशयाने बघतात: तुम्हाला तिकडचंच का आवडतं? या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. ते मराठी वाहिन्यांनी द्यायचं आहे.

मराठी टीव्हीला पन्नास वर्षं उलटून गेली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, वर्षभरात सिंहगडाच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसू लागलं. 'चिमणराव' झाले, 'आभाळमाया' झाली, 'वादळवाट' झाली, 'चार दिवस सासूचे' तर तीन हजारांवर भाग चाललं. देशमुखांचे वाडे झाले, सदाशिव पेठेतली घरं झाली, कोकणातली, कोल्हापुरातली, सातारची झाली. त्यात एक मराठी बोलणारं मुसलमान घर, ज्याच्याभोवती रोजची मालिका फिरते, बोटं मोडून आठवून पाहा. कोकणातला मुसलमान घरात जी बोली बोलतो ती ऐकून भले भले मराठी प्राध्यापक चकित होतील. सोलापूर-पुण्याची दखनी, मराठीशी गळ्यात गळे घालून चालणारी, तिची नुसती लय पडद्यावर आली तरी लोक हसून लोळतील. बागवान, अत्तार, शिकलगार, मुलाणी, पिंजारी ही आडनावं महाराष्ट्राच्या प्रत्येक बाजारपेठेत आहेत. मालिकांत ती कुठे आहेत? शिवकालीन मालिकेत खलनायक हवा असला की मात्र आमच्या दाढीची आठवण येते.

वाहिनीवाले म्हणतील, टीआरपी. या सबबीवर माझा विश्वास नाही. ज्या प्रेक्षकाने 'सैराट'मधल्या सल्याला आपला मित्र म्हणून डोक्यावर घेतलं, ज्या प्रेक्षकांतल्या कुलकर्णी काकू कशफसाठी जिने चढून आल्या, तो प्रेक्षक बिबवेवाडीतल्या बागवानांचं घर बघणार नाही हे कोणी आणि कशावरून ठरवलं? बघून तर पाहा. प्रेक्षकाला आधी घाबरवायचं आणि मग तो घाबरतो म्हणून दाखवायचं नाही, हा धंदा फार दिवस चालला.

आणि आता आपल्याच लोकांना. आपण तक्रार करण्यात पटाईत आहोत, मी धरून. पण सिरीयल लिहिणारा मुलगा आपल्या घरात निपजला तर आपण त्याला काय म्हणतो? "ये क्या काम हय?" डीएड कर, डिप्लोमा कर, दुबईला जा, गाळ्यावर बस. मुलगी असेल तर विचारायलाच नको. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, एकांकिका स्पर्धांचा बाजार आहे, आणि बिबवेवाडीपासून हे सगळं एका बसच्या अंतरावर आहे. आपल्यातली किती मुलं तिथे गेली? राहींना लिहायला कोणी बोलावलं, कारण ते आधी लिहीत होते. आपली आई शेजाऱ्यांच्या घरात विसावा शोधते याचं वाईट वाटत असेल, तर तिच्या हातातला रिमोट हिसकावून काही होणार नाही. तिच्या घराची गोष्ट कोणीतरी लिहायला हवी. आदर्श मुसलमान नको, देशभक्तीची परीक्षा देणारा नको, सुधारणेचं भाषण देणारी सून तर अजिबात नको. मार्केट यार्डात पेरूचा भाव पडलाय, मोठ्याला वेगळं राहायचंय, धाकटीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, अम्मीचं तिसऱ्यांदा मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलंय, आणि शेवटी सगळे जेवायला बसतात. एवढंच. रोज बावीस मिनिटं.

आमच्या घरात यावर चर्चा झाली आहे. पहिल्या भागात टँकर यावा आणि भांडण व्हावं, असं फुफीचं म्हणणं आहे. अम्मीला ते पसंत नाही. सुरुवात लग्नापासून हवी आणि लग्नात बिर्याणी कमी पडलेली दाखवू नये, एवढी तिची अट आहे.